गळणारा कॅनिस्टर फिल्टर: आधी जागा शोधा, मग क्लिपा उघडा

माशांच्या टाकीखालच्या कपाटाचं दार उघडल्यावर प्लायवूड हाताला ओलं लागलं, की बहुतेकांचा हात थेट फिल्टरच्या क्लिपांकडे जातो. हेड काढायचं, रिंग पुसायची, पुन्हा दाबून बसवायचं. यात मोठं नुकसान होतं. पाणी कुठून ओघळलं हे सांगणाऱ्या खुणा हेड उघडताच पुसल्या जातात: क्षाराची पांढरी रेघ, एका बाजूचा ओला डाग, कडेला लोंबणारा थेंब. मग मुख्य रिंग नवी घालूनही पाणी येतच राहतं, कारण ते मुळात वरच्या टॅपमधून येत असतं.

टाकीखाली ठेवायच्या कोणत्याही कॅनिस्टरला हे लागू पडतं, मग तो एहाइम असो, फ्लुव्हल असो की सनसन. रचना सगळ्यांची सारखीच असते. खाली डबा, वर मोटरचं हेड, दोघांच्या मध्ये मोठी रिंग आणि ते आवळून धरणाऱ्या क्लिपा. हेडवर टॅपचा सुटा होणारा ठोकळा आणि त्याला जोडलेले दोन होस, म्हणजे लवचीक पाईप: एक इनटेकचा, टाकीतलं पाणी खाली आणणारा, एक आउटलेटचा, ते परत वर नेणारा.

पाणी थांबवा

फरशी ओली असेल तर प्लगला हात लावू नका. आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडणारा स्विच, पाडा, मग कोरड्या हाताने प्लग काढा. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की ती आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवून घ्या. पाणी, वीज आणि त्यात बुडणारा आपला हात एकत्र येतात, तिथे याला पर्याय नाही.

गळती थेंबाथेंबाची असेल, वायर आणि सॉकेट कोरडे असतील, तर फिल्टर परातीत किंवा टबात ठेवून चालू राहू द्या आणि पुढचा शोध घ्या. धार लागली असेल तर मात्र हेडवरचे दोन्ही टॅप बंद करा. टॅपच गळत असेल तर टाकीतला इनटेकचा पाईप पाण्याबाहेर उचला. इथे एक चूक हमखास होते. इनटेक उचलला की लोक निर्धास्त होतात, पण आउटलेटचं तोंड किंवा स्प्रे बार (आउटलेटच्या टोकाची भोकं असलेली नळी) पाण्यात बुडालेला असेल तर त्या वाटेनेही टाकीचं पाणी उलटं खाली येत राहतं. दोन्ही पाईप बाहेर काढा.

फिल्टर तासाभरापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर मीडिया, म्हणजे डब्यातलं गाळणीचं साहित्य ज्यावर जिवाणू राहतात, टाकीच्याच पाण्यात, बादलीत काढून ठेवा आणि त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) सोडा. बंद डब्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि अमोनिया पचवणारे जिवाणू मरू लागतात. रात्रभर बंद राहिलेल्या फिल्टरमधलं कुजका वास येणारं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, ओतून टाका.

मोटर बंद असतानाही का गळतं

उसाला पाणी पाजणाऱ्याला विहिरीवरची मोटर माहीत असते. ती खालचं पाणी वर ओढते आणि बंद पडली की पाणी थांबतं. कॅनिस्टर याच्या उलटा आहे. तो टाकीच्या खाली बसतो, पाणी स्वतःच्या वजनानेच त्यात उतरतं आणि मोटर ते फक्त फिरवते. म्हणून टाकीतल्या पाण्याचा भार फिल्टरवर दिवसरात्र असतो, प्लग काढला तरी.

हा भार किती? टाकीतली पाण्याची पातळी आणि फिल्टरचं हेड यांत 1 मीटरचं अंतर असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण 100 ग्रॅम. आकडा लहान वाटतो. पण 20 सेंटीमीटर व्यासाच्या हेडचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर होतं, म्हणजे पाणी त्या हेडला आतून सुमारे 31 किलोने वर ढकलत असतं. सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून जास्त वजन, आणि ते पेलायला चार प्लास्टिकच्या क्लिपा. एक क्लिप सैल झाली की त्या बाजूने हेड केसभर उचललं जातं, आणि रिंगेला तेवढं पुरे असतं.

यातूनच जागा शोधायची सगळ्यात उपयोगी कसोटी मिळते. मोटर चालू असताना पंपाच्या पुढच्या भागात, म्हणजे आउटलेटच्या टॅपात आणि होसमध्ये, दाब वाढतो. डब्यात मात्र तो किंचित उतरतो, कारण इनटेकमधून आणि मीडियातून येताना पाण्याचा थोडा जोर खर्ची पडतो. तेव्हा गळती फक्त मोटर चालू असताना होत असेल, तर आउटलेटची बाजू तपासा. शैवालाने किंवा क्षाराने स्प्रे बारची भोकं बुजली असतील तर तिथला दाब आणखी चढतो, म्हणून आधी ती मोकळी करा. मोटर बंद असतानाही तेवढंच गळत असेल, किंवा वीज गेल्यावर जास्त गळत असेल, तर दोष मुख्य रिंगेत, डब्यात किंवा इनटेकच्या बाजूला आहे.

तिसराही एक प्रकार आहे, तो ओल्या डागावरून सापडत नाही. होस टाकीच्या काठावरून वळसा घेतो तो भाग पाण्याच्या पातळीच्या वर असतो. तिथला इनटेकचा सांधा सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. फिल्टर गुरगुरतो, आउटलेटमधून बारीक बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने प्रवाह तुटतो. शेतावर आपण म्हणतो तसं, मोटर हवा खातेय. अशा वेळी डबा उघडण्यात अर्थ नाही. काठावरचा सांधा घट्ट करा.

खरंच फिल्टर गळतोय का

सांगली, मिरज, तासगावकडे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या टाकीची पातळी नुसत्या वाफेनेही रोज दिसेल इतकी उतरते. शंका असेल तर टाकीशेजारी उघडी बादली काठोकाठ भरून ठेवा आणि दोन दिवस दोन्हीकडची पातळी पट्टीने मोजा. दोन्ही जवळपास सारख्या उतरल्या तर फिल्टर निर्दोष आहे.

गळतीचा हिशेबही मांडता येतो. 3 फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीत पाणी 1 सेंटीमीटर उतरलं म्हणजे सुमारे 4 लिटर गेलं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसात 86,400 थेंब होतात. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तर हे 4 लिटरच्या थोडं वर भरतं. थेंब थेंब दिसणारी गळती दिवसाला टाकीचा एक सेंटीमीटर खाते. प्लायवूड फुगायला ती भरपूर आहे.

कपाटातलं पाणी दुसरीकडूनही येऊ शकतं. हीटरची वायर किंवा एअर पंपाची नळी टाकीच्या काठावरून खाली येते आणि तिच्या अंगाने पाणी ओघळत फिल्टरवर टपकतं. झाकणाखाली साठलेली वाफ काठावरून उतरते. स्प्रे बारचे शिंतोडे मागच्या काचेवरून खाली जातात. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकेल आणि सॉकेटपर्यंत चढणार नाही.

जागा कशी सापडते

फिल्टर रिकाम्या, कोरड्या परातीत ठेवा. हेड, होस, टॅप आणि डबा कोरड्या फडक्याने पुसा. सांध्यांच्या फटीत कापसाची काडी फिरवून तिथलं पाणी टिपून घ्या, नाहीतर जुनंच पाणी तासभर पाझरत राहील आणि फसवेल. मग कोरड्या ब्रशने सगळीकडे पातळ टाल्कम पावडर लावा. हेडच्या सांध्याभोवती, दोन्ही टॅपच्या बुडाशी, होसच्या नटांवर, प्राइमरच्या (सुरुवातीला डब्यात पाणी ओढून घेणाऱ्या) बटणाभोवती आणि वायर जिथून आत जाते तिथे.

आता टॅप उघडा, मोटर बंदच ठेवा, 15 मिनिटं थांबा आणि टॉर्च तिरका धरून पाहा. पाणी आलं तिथे पांढऱ्या पावडरीवर गडद रेघ उमटते, आणि त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. थेंब नेहमी तळाशी लोंबतो, उगम वर असतो. काही दिसलं नाही तर मोटर चालू करून आणखी 15 मिनिटं बघा. आउटलेटची बाजू आता बोलेल. शेवटी पावडर ओल्या फडक्याने पुसून काढा, टाकीत जाऊ देऊ नका.

बोअरच्या पाण्यावरच्या टाक्यांना आणखी एक सोय असते. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. ते पाझरून वाळलं की सांध्यावर पांढरा खरखरीत थर धरतो, आणि तो अनेक महिन्यांपासूनची बारीक गळती दाखवतो. साताऱ्यात कास तलावाच्या, म्हणजे पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत ही खूण फिकी असते. तिथे पावडरच लागते.

मोठी रिंग

रेघ हेडच्या सांध्यावर निघाली तर आता क्लिपा उघडा. दोन्ही टॅप बंद, ठोकळा सुटा, फिल्टर मोरीत. हेड सरळ वर उचला, पिळू नका.

रिंग काढण्यापूर्वी ती खाचेत कशी बसली आहे ते एक मिनिट नीट पाहा. कुठे वर आली आहे का, पीळ बसलाय का, हेड आणि डब्याच्या मध्ये चिमटली आहे का. साफसफाईनंतर लगेच सुरू झालेली गळती जवळजवळ नेहमी इथलीच असते, आणि त्यात रिंगेचा दोष नसतो. खाचेत वाळूचा कण अडकलेला असतो, गोगलगायीच्या कवचाचा तुकडा, वनस्पतीचं मूळ, फडक्याचा दोरा, कधी फिल्टर वूलचा एखादा तंतू. एक केस पुरतो.

रिंग बोटांनीच काढा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. त्याच्या टोकाने खाचेवर ओरखडा पडतो आणि मग नवी रिंगही तिथून गळते. रिंग चिमटीत धरून पूर्ण गोल फिरवा. चांगली रिंग गोल, मऊ आणि सगळीकडे सारखी जाड असते. जुन्या रिंगेची एक किंवा दोन बाजू चपट्या झालेल्या असतात, आणि वाकवली की बाहेरच्या अंगाला बारीक चिरा दिसतात. चपटेपणाचं गणित सोपं आहे. 4 मिलिमीटर जाडीची रिंग बसताना साधारण 20 टक्के, म्हणजे 0.8 मिलिमीटर दबते आणि त्या दाबावर पाणी अडवते. वर्षा-दोन वर्षांत तीच रिंग कायमची 0.6 मिलिमीटर चपटी झाली तर दबायला 0.2 उरतं. क्लिपा पूर्ण लागतात, दिसायला सगळं ठीक असतं, आणि तरी पाणी येतं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर नवी रिंग आणल्याच्या दिवशीच जाडी मोजून लिहून ठेवा.

खाच जुन्या टूथब्रशने साफ करा. साबण नको. पांढरा थर निघत नसेल तर साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापूस भिजवा, 20 ते 30 मिनिटं खाचेवर ठेवा, मग लाकडी काडीने हलकेच खरवडून भरपूर पाण्याने धुवा. डब्याची वरची कडाही विसरू नका. रिंग दाबली जाते ती तिच्यावर, आणि क्षार तिथेही साचतो.

आता वंगण. लागतं फक्त सिलिकॉन ग्रीस, खाद्यपदार्थांच्या यंत्रांना चालणारं. खोबरेल तेल, शेंगतेल, व्हॅसलीन यांतलं काहीही नको. तेल आणि पेट्रोलियम जेली काही जातींच्या रबराला फुगवतात आणि सैल करतात, शिवाय खाण्याचं तेल खवट होऊन चिकट थर धरतं. ग्रीस पूर्ण रिंगेला तुरीच्या दाण्याएवढं पुरतं. दोन बोटांत ते घेऊन रिंग त्यातून ओढत न्या. ती चमकली पाहिजे, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. गोळ्यावर वाळू चिकटते. रिंग काळ्या रबराची नसून स्वतःच सिलिकॉनची, दुधी रंगाची असेल तर सिलिकॉन ग्रीस तिला हळूहळू फुगवतं. तिला नुसतं पाणी लावून बसवा.

बसवताना समोरासमोर चार ठिकाणी आधी दाबा, मग मधले भाग. एका टोकापासून गोल फिरवत बसवली तर रिंग ताणली जाते आणि शेवटी फुगवटा उरतो. कुकरची रिंग सैल झाली की फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती घरोघरी चालते. कॅनिस्टरच्या रिंगेला तिचा उपयोग नाही, कारण इथे रिंग लांब झालेली नसते, चपटी झालेली असते.

हेड बंद होत नसेल तर जोर करू नका, आतली मीडियाची बास्केट बघा. फिल्टर वूल ठासून भरल्यामुळे वरची बास्केट दोन-तीन मिलिमीटर वर राहते आणि हेड तिच्यावर टेकतं. क्लिपा कशाबशा लागतात, पण रिंग दबतच नाही. रिंग नवी, खाच स्वच्छ आणि तरी गळती, तर आमचा पहिला संशय याच्यावर असतो. थोडं वूल काढा, बास्केटचे कडे आडवे पाडा, आतला उभा पाईप हेडच्या तोंडात नीट जातोय ते पाहा. मग दोन्ही तळव्यांनी हेड दाबून समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा.

टॅपचा ठोकळा

याच्या बुडाशी दोन किंवा चार छोट्या रिंगा असतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ठोकळा दर साफसफाईला काढला-घातला जातो. कोरडी रिंग प्लास्टिकला घासते, सोलली जाते, एक दिवस तुटते. पाणी हेडवर साठतं, तिथून डब्याच्या अंगाने उतरतं आणि मोठी रिंग गळतेय असं वाटतं. दर तिसऱ्या-चौथ्या साफसफाईला या रिंगांना मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. ठोकळा बसताना कट् असा आवाज आला पाहिजे. ठोकळा अडकवणारी दांडी अडत असेल तर टॅप बंद स्थितीत आहेत का बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याशिवाय ती फिरतच नाही, आणि जोर केला तर मोडते.

ठोकळा सुटा केल्यावर त्याच्या तोंडातून पाणी टपकत असेल तर आतल्या बॉलच्या बैठकीत कचरा आहे. दोन्ही पाईप टाकीबाहेर काढून, कोमट पाण्याखाली टॅप दहा-बारा वेळा उघड-बंद करा.

या छोट्या रिंगा बऱ्याचदा सर्वसाधारण मापाच्या असतात. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात, सांगलीत किंवा कुपवाड एमआयडीसीच्या आसपास, आतला व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली की नायट्राइल रबरची रिंग मिळते. किर्लोस्करवाडीच्या पंपांचा हा जिल्हा, सीलचं माप इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नमुना मात्र सोबत न्या. मोठी रिंग तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. तिचा छेद अनेकदा गोल नसतो, ओठासारखी कडा असलेला असतो, म्हणून ती त्या मॉडेलचीच मागवावी लागते.

होस

होसचं टोक दोन-तीन वर्षांत कडक होतं आणि नटाखाली त्याची पकड सुटते. नट आवळत बसण्यापेक्षा होस काढा, टोकाचे 2 सेंटीमीटर धारदार ब्लेडने अगदी काटकोनात कापा, नवं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि बुडापर्यंत सारून नट हाताने आवळा. पक्कड नको. प्लास्टिकच्या आट्यांना तडा जातो. टेफ्लॉन टेपही नको, कारण पाणी इथे आट्यांवर अडत नाही, होस आणि निमुळत्या तोंडाच्या घट्ट मिठीवर अडतं.

मापात तडजोड नको. 12/16 म्हणजे आतून 12 आणि बाहेरून 16 मिलिमीटर. बागेचा अर्धा इंची पाईप आतून 12.7 असतो, 12 च्या तोंडावर तो 0.7 मिलिमीटर सैल बसतो, आणि नटाच्या आत त्याची बाहेरची जाडीही जुळत नाही. होस कपाटाच्या भोकातून ताणून वळवलेला असेल तर सांध्यावर कायम एका बाजूने ओढ राहते. थोडा लांब होस घालून मोकळा वळसा द्या. तळमजल्याच्या घरांत आणि शेताजवळच्या वस्त्यांवर उंदीर होस कुरतडतात, तेव्हा कपाटामागचा भागही पूर्ण हात फिरवून तपासा.

तडे

क्लिपांच्या खुंट्या, होसचं तोंड आणि डब्याचा तळ या तीन जागी तडे जातात. कोरड्या प्लास्टिकवर टॉर्च आडवा धरला की केसासारखी रेघ चमकते. तिथे एम-सील किंवा गोंद लावू नका. अशा प्लास्टिकवर ते नीट धरत नाही, आणि आतून दाब कायम असल्याने कधीतरी मध्यरात्री सुटतं. तो भाग बदलायचा. वायर हेडमध्ये शिरते तिथे ओल दिसली तर हेड टाकून द्या, कितीही महाग असलं तरी. त्याला दुरुस्ती नाही.

चाचणी

जोडणी झाली की फिल्टर पुन्हा कोरड्या परातीत ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला. टॅप उघडा आणि प्राइमरने पाणी भरू द्या. मोटर लगेच लावू नका. डबा पूर्ण भरून हवा निघाल्यावर 15 मिनिटं बंद, मग 15 मिनिटं चालू. अडकलेली हवा काढायला फिल्टर हलकेच दोन्ही बाजूंना कलवा, आपटू नका. त्यानंतर पूर्ण एक दिवस परातीतच राहू द्या आणि त्या दिवसात एकदा मुद्दाम तासभर मोटर बंद करा. कागदावर एकही डाग नसेल तरच परात काढा.

परातीत फार तर दहा लिटर मावतं, टाकीत जवळपास दोनशे असतं. म्हणून इनटेकच्या टाकीतल्या उभ्या पाईपला, नेहमीच्या पातळीच्या 5 सेंटीमीटर खाली, 4 मिलिमीटरचं एक भोक पाडून ठेवा. पातळी तिथपर्यंत उतरली की भोकातून हवा शिरते आणि पाण्याची ओढ तुटते. वर सांगितलेल्या 3 फुटी टाकीत साधारण 20 लिटर जातील, टाकी रिकामी होणार नाही. आउटलेटचं तोंडही त्याच उंचीवर ठेवा. उन्हाळ्यात मात्र पातळी आपोआप भोकापर्यंत येऊन मोटर हवा खाऊ लागते, तेव्हा एक दिवसाआड पाणी भरत जा.

कपाटाच्या दाराच्या आत एका डबीत मोठी रिंग एक, छोट्या रिंगांचा एक संच, ग्रीसची ट्यूब आणि मीटरभर होस टांगून ठेवा. रिंग पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवली तर यायला दिवस जातात, आणि तेवढे दिवस माशांना फिल्टरशिवाय काढावे लागतात.